स्टोन माउंटन, अटलांटा: डोंगर फर्स्ट क्लास, कोरीवकामाचं जरा बोलायचंय

अटलांटाला पोरं असणारे पुणेकर आता इतके झालेत की आमच्या तळजाईच्या सकाळच्या ग्रुपमध्येच निम्म्या लोकांचं कोणी ना कोणी अल्फारेटाला नाहीतर कमिंगला आहे, आणि आईबाप तिकडे गेले की पोरं त्यांना एकदा तरी स्टोन माउंटनला नेतातच. आम्ही आल्यापासून "कसं आहे गं, जाण्यासारखं आहे का?" हे इतक्या जणींनी विचारलंय की म्हटलं एकदाच सविस्तर लिहून टाकावं आणि सगळ्यांना हेच पाठवावं.

घाईत असाल तर एवढंच वाचा: चढायला नक्की जा. मस्त डोंगर आहे, गुडघे बरे असतील तर आरामात होतो. पण त्याच डोंगराच्या उत्तरेच्या कड्यावर तीन घोडेस्वार कोरलेत, जगातलं सगळ्यात मोठं उठावशिल्प म्हणून जे गाजतं ते, आणि त्यावरून तिकडे वर्षानुवर्षं भांडण चालू आहे. ते बघायचं असेल तर आधी थोडं वाचून जा, नाहीतर आपण हिरवळीवर बसून सँडविच खातो, फोटो काढतो आणि आपण कोणाच्या स्मारकासमोर दात काढून उभे आहोत हे घरी आल्यावर कळतं.

आधी व्यवहाराचं. अटलांटा शहराच्या मध्यापासून पूर्वेला पंचवीसेक किलोमीटर, अल्फारेटाहून निघालात तर पाऊण तास-तासभर धरा. आत शिरायला गाडीमागे २० डॉलरच्या आसपास घेतात, माणशी नाही, हे कळल्यावर आमचे हे एकदम खूश, कारण गाडीत आम्ही सातजण होतो, यांनी गेटवरच रुपये करून सातने भागलं आणि "सिंहगडावर पिठलं-भाकरी आणि दही खाल्लं तरी यापेक्षा जास्त होतात" असं जाहीर केलं. जावई बिचारा हसला नुसता, पैसे त्याचे होते. वर जायची केबल कार, पायथ्याभोवती फिरणारी आगगाडी, लहान मुलांचे खेळ वगैरे सगळ्याचं तिकीट वेगळं. नुसतं चढायचं असेल तर गेटच्या पैशात भागतं.

चढ पश्चिमेच्या बाजूने आहे. वाट एका मैलाची, माथा आजूबाजूच्या जमिनीपासून सव्वाआठशे फूट. समुद्रसपाटीपासून म्हणाल तर १६८६ फूट, म्हणजे तुम्ही डेक्कनच्या चौकात सिग्नलला उभे असता ना, तेव्हा त्याच्या माथ्याच्याही वर असता. हे मी यांना सांगायला नको होतं, दिवसभर तेच चालू होतं. पण गंमत उंचीची नाहीच. आपल्याला सवय सह्याद्रीची, लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले, कडे, घसारा, माती, झाडोरा, आणि हा मात्र सगळा एकच दगड! जमिनीच्या पोटात तीसेक कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला शिलारसाचा गोळा, वरची जमीन झिजत गेली तसा उघडा पडलेला, ग्रॅनाइटच्या जातीचा. पायाखाली पायरी नाही की माती नाही, नुसता करडा उघडा खडक, बुटाखाली खरखरीत लागतो त्यामुळे पाय मात्र धरून राहतो. शेवटचा टप्पा चांगलाच उभा आहे, तिथे रेलिंग लावलंय, ते धरून धरून जायचं. उन्हाळ्यात दुपारी जाऊ नका, वरच्या भागात सावली म्हणून नाही.

वाटेत खडकावर जुनी नावं कोरलेली दिसतात, काही तर एकोणिसाव्या शतकातली, वळणदार अक्षरात. आपल्याकडे किल्ल्यावर कोणी बदाम काढून नाव लिहिलं की आपण चिडतो आणि तिकडे तीच नावं दीडशे वर्षं जुनी झाली की लोक थांबून वाचतात, मीही वाचली. माथ्यावर गेलात की घाईने सेल्फी काढून उतरू नका, खाली बघा. खडकात उथळ खळगे आहेत, पाऊस पडला की त्यात पाणी साठतं आणि त्या चार दिवसांच्या पाण्यात इवल्याशा कोळंबीसारखे जीव वळवळताना दिसतात, पाणी आटलं की त्यांची अंडी तिथेच सुकून पुढच्या पावसाची वाट बघत पडून राहतात. कोकणच्या किंवा साताऱ्याकडच्या सड्यांवर पावसाळ्यात हिंडलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, तिथेही असे जीव सापडतात. पलीकडे क्षितिजावर अटलांटाच्या उंच इमारतींचा झुबका. वारा काय सुंदर होता!

आणि माणसं. चढणाऱ्यांत आपल्यासारखे देशी खूप, साडीवर स्पोर्ट्स शूज घातलेल्या गुजराती काकू, कोरियन आजोबा, मेक्सिकन कुटुंबं अख्खी, आणि सगळ्यात जास्त कृष्णवर्णीय लोक, कारण हा डीकाल्ब काउंटीचा भाग, इथे त्यांचीच वस्ती जास्त. पोरांना खांद्यावर घेऊन चढणारे बाप, कानात गाणी लावून पळणाऱ्या पोरी. पर्वतीला संध्याकाळी जशी नेहमीच्या लोकांची ये-जा असते तशीच. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता कोरीवकाम. ते चढायच्या वाटेवरून दिसत नाही! म्हणजे तुम्ही चढलात, उतरलात आणि घरी गेलात तर तुम्हाला पत्ताही लागणार नाही. लेकीच्या ऑफिसातली एक मैत्रीण तिथली रोजची चढणारी, ती म्हणे हेच करते, डोंगर माझा आणि ती बाजू त्यांची, मी तिकडे जातच नाही. आम्ही मात्र उतरल्यावर गाडीने वळसा घालून समोरच्या हिरवळीवर गेलो.

पहिली प्रतिक्रिया खरं सांगायचं तर "एवढंसंच?" अशी होते. डोंगर इतका अवाढव्य की त्याच्यावर ते तीन घोडेस्वार चिकटवल्यासारखे वाटतात. मग आकडे वाचले: आकृत्या ९० फूट उंच, १९० फूट रुंद, जमिनीपासून ४०० फुटांवर. नऊ मजली इमारत त्यात मावेल. कोरणाऱ्या कामगारांना अचानक पाऊस आला तर ते घोड्याच्या तोंडात जाऊन उभे राहायचे म्हणे, इतकी जागा आहे. हे कळल्यावर परत वर बघितलं आणि घोड्याचं तोंड शोधलं, तेव्हा कुठे मापाचा अंदाज आला. कारागिरी म्हणून बघाल तर कौतुकच आहे, तिन्ही टोप्या काढून छातीशी धरलेल्या, घोड्यांच्या माना, लगाम, सगळं कड्याला लटकून केलेलं. मला एक मात्र जाणवलं, आपल्याकडे कार्ले, भाजे, नाहीतर आपलं जंगली महाराज रोडवरचं पाताळेश्वर घ्या, डोंगर कोरला की आपण आत जातो, गार दगडाला हात लावतो, खांबाला टेकून बसतो. इथे तसं नाही, लांबून बघायचं फक्त.

तर हे तिघे कोण? जेफरसन डेव्हिस, रॉबर्ट ई. ली आणि स्टोनवॉल जॅक्सन. १८६१ ते १८६५ अमेरिकेत जे यादवी युद्ध झालं त्यात दक्षिणेतली अकरा राज्यं फुटून निघाली होती, मुख्य कारण गुलामगिरी, ती टिकावी म्हणून. त्या फुटलेल्या राज्यांचा अध्यक्ष डेव्हिस, आणि ली आणि जॅक्सन त्याचे सेनापती. हरले. म्हणजे हे स्मारक हरलेल्या बाजूचं, हेही एकवेळ ठीक, हरलेल्यांचीही स्मारकं असतात, आपण पुण्याचे लोक पानिपताबद्दल आजही हळवे होतो. पण हा डोंगर ज्या जॉर्जिया राज्यात आहे, तिथला यातला एकही नाही! डेव्हिस जन्माने केंटकीचा आणि राजकारणाने मिसिसिपीचा, बाकी दोघे व्हर्जिनियाचे.

आणि मला सगळ्यात धक्का बसला तो तारखांचा. आपण समजतो युद्ध झालं, लोक मेले, त्यांच्या आठवणीत लगेच कोणीतरी कोरलं असेल. कसलं काय. जावयाने हिरवळीवर बसल्या बसल्या सगळं सांगितलं (तो दहा वर्षांहून जास्त तिकडे आहे आणि त्याला या गोष्टींचा नाद आहे) आणि मी घरी येऊन पुन्हा वाचून काढलं. युद्ध संपल्यावर पन्नास वर्षांनी, १९१५ च्या सुमाराला, युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी (कॉन्फेडरसी म्हणजे तीच फुटलेली राज्यं) नावाच्या बायकांच्या संघटनेने टूम काढली, पुढाकार हेलन प्लेन नावाच्या म्हाताऱ्या बाईंचा. त्यांनी गट्झन बोर्ग्लम या शिल्पकाराला बोलावलं. बाईंना फक्त लीचं डोकं हवं होतं, बोर्ग्लम म्हणाला एवढ्या डोंगरावर ते टपालाच्या तिकिटाएवढं दिसेल, आणि त्याने अख्खं सैन्य कोरायचा बेत मांडला. त्याच १९१५ च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या रात्री, याच डोंगराच्या माथ्यावर थोडी माणसं जमली, क्रूस पेटवला आणि मेलेली कू क्लक्स क्लान ही काळ्या लोकांवर दहशत बसवणारी गोऱ्यांची संघटना नव्याने सुरू केली. डोंगर ज्या व्हेनेबल घराण्याच्या मालकीचा, त्यातला माणूस क्लानमध्येच. आणि प्लेनबाईंनी बोर्ग्लमला पत्र लिहून सुचवलं होतं की या शिल्पात क्लानवाल्यांनाही घ्यावं. ते झालं नाही, पण विचार काय होता ते कळतं.

पुढची हकीकत सरकारी कामासारखी रेंगाळलेली. १९२३ ला काम सुरू, जानेवारी १९२४ मध्ये लीच्या जन्मदिवशी त्याच्या डोक्याचं अनावरण, १९२५ ला पैशावरून आणि मानावरून भांडण, बोर्ग्लमने रागाने आपले नमुने फोडले आणि निघून गेला. गेला कुठे? माउंट रशमोरला! ते चार राष्ट्राध्यक्ष आपण सगळ्यांनी फोटोत पाहिलेत ना, ते याच माणसाचं काम, १९२७ पासून. इकडे ऑगस्टस ल्यूकमन आला, त्याने बोर्ग्लमने कोरलेलं लीचं डोकं सुरुंग लावून उडवलं आणि नव्याने सुरू केलं, १९२८ ला मुदत संपली, पैसे संपले, काम बंद. मग तीसेक वर्षं अर्धवट कोरलेला डोंगर तसाच.

आणि आता नीट ऐका. १९५४ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की शाळांमध्ये गोऱ्या आणि काळ्या मुलांना वेगळं ठेवणं बेकायदा. दक्षिणेत खळबळ. जॉर्जियाचा गव्हर्नर मार्व्हिन ग्रिफिन वेगळं ठेवण्याच्याच बाजूचा. १९५६ ला राज्याच्या झेंड्यात त्या जुन्या फुटीर राज्यांचं चिन्ह घातलं, १९५८ ला राज्याने डोंगरच विकत घेतला आणि १९६४ ला कोरीवकाम पुन्हा सुरू केलं, त्याच वर्षी तिकडे वर्णभेदाविरुद्धचा मोठा नागरी हक्क कायदा पास झाला. वॉकर हँकॉकच्या देखरेखीखाली, रॉय फॉकनर नावाच्या माणसाने प्रचंड उष्णतेच्या ज्वाळेने दगड उडवत. १९७० ला उपराष्ट्राध्यक्ष अ‍ॅग्न्यूच्या हस्ते लोकार्पण आणि शेवटचा हात फिरला १९७२ ला. बहात्तर! बहात्तर म्हणजे आपल्याकडे दुष्काळ, मिलोची लाल ज्वारी, सुकडी, ते वर्ष. मी तेव्हा शाळेत जात होते. जे बघून मला वाटलं काहीतरी पुरातन आहे, ते माझ्या डोळ्यांदेखतचं निघालं, आणि ते शंभर वर्षांपूर्वीच्या सैनिकांच्या आठवणीपेक्षा त्या वेळच्या लोकांना काहीतरी ठणकावून सांगायला केलेलं होतं. मधे १९६३ ला मार्टिन लूथर किंगने वॉशिंग्टनच्या त्या प्रसिद्ध भाषणात मुद्दाम याच डोंगराचं नाव घेतलं, की स्वातंत्र्याची घंटा जॉर्जियाच्या स्टोन माउंटनवरूनही वाजू दे. बंद पडलेलं काम पुन्हा सुरू झालंय ते त्यानंतर, आधी नाही.

हे ऐकून आमचे हे म्हणाले, "मग काढून का टाकत नाहीत?" अगदी पुणेकर प्रश्न. आपल्याकडे २०१० च्या डिसेंबरात लाल महालातला दादोजी कोंडदेवांचा पुतळा पालिकेने हलवला, २०१७ च्या जानेवारीत संभाजी बागेतला राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा काही लोकांनी उखडून मुठेत टाकला, दोन्ही वेळा शहर आठवडे-महिने भांडत बसलं. बरोबर-चूक या वादात मी इथे पडत नाही, खाली मारामारी होईल. मुद्दा असा की पुतळा चौथऱ्यावरचा असतो, उचलता येतो. हा उचलायचा कसा? डोंगराचा भाग आहे तो. काढायचा तर सुरुंगच लावायला हवेत.

शिवाय कायदा आडवा येतो. २००१ ला जॉर्जियाने झेंड्यावरचं ते चिन्ह लहान केलं तेव्हा सौदा म्हणून कायद्यातच लिहून ठेवलं की हे शिल्प कायम जतन करायचं, या राज्यातल्या ज्या नागरिकांनी लढून सोसलं त्यांच्या शौर्याची आठवण म्हणून. या राज्यातल्या नागरिकांची आठवण, आणि कोरलेले तिघेही बाहेरचे! २०१५ ला माथ्यावर किंगच्या त्या वाक्यासाठी एक घंटा बसवायची कल्पना निघाली, ती दोन्ही बाजूंना आवडली नाही, बारगळली. २०१७ ला स्टेसी एब्रॅम्स या तिथल्या राजकारणी बाईंनी शिल्प काढून टाका अशी उघड मागणी केली. २०२० ला जुलैत शेकडो कृष्णवर्णीय लोक बंदुका घेऊन शिस्तीत पार्कात मोर्चा काढून गेले. मग २०२१ ला पार्कच्या मंडळाने लोगोतून शिल्प काढलं, आणि चढायच्या वाटेच्या पायथ्याशी जे कॉन्फेडरेट झेंडे लावलेले असायचे ते तिथून हलवले. म्हणजे बघा, लेकीची ती मैत्रीण इतकी वर्षं रोज त्या झेंड्यांखालून जाऊन डोंगर चढत होती.

माझं मत विचाराल तर मला सुरुंग लावणं पटत नाही, पण आत्ता आहे ते तसंच ठेवणं त्याहून पटत नाही. मंडळाचा एकूण कल असा दिसतो की त्या तिघांकडे लक्ष जाऊच नये. लोगोतून काढलं, झेंडे बाजूला सरकवले, हिरवळीवर लोकांनी सतरंजी टाकून मजा करावी. १९८३ पासून उन्हाळ्यात रात्री या कड्यावर लेझर शो करतात, आणि किती तरी वर्षं त्यात लेझरच्या रेषांनी हे तिघे जिवंत होऊन घोडे दौडवत निघायचे, लोक टाळ्या वाजवायचे. गाडीमागे पैसे घेता, आगगाडी चालवता, मग दोन वाक्यांत हेही सांगा ना, की हे कोणी, कधी आणि कशासाठी कोरलं. त्याने डोंगर काही लहान होत नाही.

आणि ते सांगायचं ठरलंयही, हे सांगितलं नाही तर अन्याय होईल. २०२१ लाच मंडळाने खरा इतिहास, क्लानसकट, दाखवणारं प्रदर्शन करायचं ठरवलं, राज्याने त्यासाठी २०२३ ला १.१ कोटी डॉलर दिले. त्यावर २०२५ ला त्या जुन्या सैनिकांच्या वंशजांची संघटना कोर्टात गेली, म्हणे हे कायद्याच्या विरुद्ध आहे, पार्क स्मारकासाठी आहे. वाचून मला हसू आलं, कोर्टात जाण्यात आपणच पुढे असं वाटायचं मला.

गावाबद्दल एक राहिलंच. डोंगराच्या पायथ्याशी स्टोन माउंटन नावाचंच छोटं गाव आहे, विटांची जुनी दुकानं, वेळ असेल तर चक्कर मारा. तिथे १९९७ ला चक बरिस हे पहिले कृष्णवर्णीय महापौर निवडून आले, आणि ते राहायचे कुठे, तर क्लानचा पुढारी जेम्स व्हेनेबल याच्या जुन्या घरात! ही गोष्ट यांना इतकी आवडली की परत येताना गाडीत तीनदा सांगितली, ज्यांनी पहिल्यांदा ऐकली होती त्यांनाच.

आता जाणाऱ्यांसाठी. सकाळी लवकर पोचा, शनिवार-रविवारी पार्किंग भरतं. पश्चिमेच्या बाजूला गाडी लावा, आधी चढून या, बूट चांगले पकडीचे घाला, पावसानंतर लगेच जाऊ नका, खडक ओला असताना त्या रेलिंगच्या टप्प्यावर मला तरी भीती वाटेल. गुडघे कुरकुरत असतील तर केबल कार आहे, लाजू नका. डबा घरून न्या, आम्ही मेथीचे ठेपले आणि दाण्याची चटणी नेली होती, माथ्यावर बसून खाल्ली. सप्टेंबरच्या मध्यावर गेलात तर खडकाच्या फटींत पिवळी फुलं येतात, तिकडे त्यांचीही हौसेने वाट बघतात. नातवंडं बरोबर असतील आणि विचारतील की आजी ते घोड्यावरचे कोण, तर शिवाजी महाराजांसारखे कोणीतरी असं ठोकून देऊ नका, आमच्या पुढच्याच सतरंजीवर एका देशी आजोबांनी तेच केलं आणि मला उठून जावंसं वाटलं. आणि प्रदर्शन उघडलंय का ते निघायच्या आधी पोरांना फोनवर बघायला सांगा, उघडलं असेल तर हिरवळीवर जायच्या आधी तिथे जा.